सुपाशेजारची जागा

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरात पहिली आंघोळ बंदुकीची व्हायची. आबा, म्हणजे माझे वडील, ओटीवर गोणपाट अंथरायचे, बंदूक मोडून तिचे भाग त्यावर मांडायचे आणि मला हाक मारायचे. आधी रॉकेलची चिंधी, मग कोरडी, मग खोबरेलाची. तोवर आय आत चुलीपाशी बिरड्याचे वाल सोलत बसलेली असायची. तिच्या हाताला वालाचा वास, माझ्या हाताला रॉकेलचा. धाकटी बहीण मंजी आमच्या दोघींच्या मधे लुडबुडायची आणि वाटेत आली की आबा तिला पायाने बाजूला सारायचे, कोंबडीला सारतात तसे. पोरांना हात लावायची त्यांना सवय नव्हती. बंदुकीला मात्र ते असा हात लावायचे की आय बघून मान फिरवायची.

आमची वाडी कर्जतजवळच्या कडावच्या अलीकडे. चहूकडे भात, मागे डोंगर, आणि डोंगरात डुकरं. हळवं भात पिकायला लागलं की रानडुकरं खाली यायची आणि एका रात्रीत शेताची गादी करून जायची. त्यासाठी आमच्या आजाला बंदुकीचा परवाना मिळालेला होता, तो आबांकडे आला. सगळ्या वाडीत बंदूक एकच, आमची. त्यामुळे भांडण कोणाचंही असो, न्याय आमच्या ओटीवर व्हायचा. आबा काही फार शहाणे नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर दोन खुंट्यांना बंदूक टांगलेली असायची आणि तिच्याखाली बसलेला माणूस शहाणाच वाटतो. मी चौथीपर्यंत शिकले. मग आबा म्हणाले, बास झालं, आता घरचं शीक. घरचं म्हणजे भाकरी, शेण, राब आणि बंदूक.

काडतुसं कागदाची होती, लाल रंगाची, बुडाला पितळ. पावसाळ्यात ती ओल धरून फुगायची आणि मग नळीत जायची नाहीत, गेली तर बार फुसका निघायचा. म्हणून पावसाने उघडीप दिली की आय ती रोवळीत घालून उन्हात ठेवायची. एका बाजूला सुकट, एका बाजूला काडतुसं. कावळा सुकटीवर यायचा म्हणून मी राखणीला बसायचे. काडतुसं दोन जातीची होती. एकात बारीक छर्रे, साबुदाण्याएवढे, मूठभर. ते पाखरांसाठी. दुसऱ्यात मोठे छर्रे, हरभऱ्याएवढे, मोजकेच. ते डुकरासाठी. बारीक छर्रा दाट जातो पण लांब गेला की त्यात जीव राहत नाही. मोठा छर्रा लांबवर मारतो पण छर्रे थोडे असल्यामुळे लागला तर लागला. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. हे मी एका डुकरिणीकडून शिकले. आबांनी ओल्या बांधावरून घाईघाईत तिच्यावर बारीक काडतूस टाकलं. ती तोंडाने पोटाने रक्ताळली, पण मेली नाही, आमच्या शेताच्या कडेच्या कारवीत जाऊन पडली आणि ओरडायला लागली. सकाळची वेळ. आम्ही ओटीवर पेज पीत होतो. आय म्हणाली, "अवं, आणखी एक घाला तिला, सुटंल बिचारी." आबा म्हणाले, "काडतूस काय झाडाला लागतात? मरंल आपोआप." दुपारी भात जेवून आम्ही उठलो तेव्हाही ती ओरडत होती. मंजीने कानात बोटं घातली तर आबांनी तिची बोटं काढली. "आयक. पिकात शिरलं की असं व्हतं."

तर नळ्या. आमची बंदूक दुनळी. बाहेरून बघितलं तर दोन्ही नळ्या जुळ्या बहिणी. पण आतून नाही. उजवी नळी सरळ, बांबूच्या पेरासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. डावी तोंडाशी किंचित आवळलेली, तांब्याचा गळा असतो तशी. डोळ्याने बघितलं तर पटकन कळायचं नाही, हाताला कळायचं. गजाला चिंधी गुंडाळून मी नळीत सारायचे तेव्हा उजवीतून ती सरळ बाहेर पडायची. डावीत शेवटच्या चार बोटांत अडायची. तिथे गज जोराने रेटावा लागायचा आणि मग चिंधी 'फट्' करून सुटायची. मंजीला तो आवाज आवडायचा. ती म्हणायची, "ताई, परत कर, परत पादव बंदुकीला." आबा हसायचे. त्यांना हसताना मी तेवढंच बघितलं.

हा गळा होता म्हणूनच डावी नळी मुठीत मारायची. उजवीचा बार सुटला की छर्रे वाटेतच फाकायचे, खळ्याच्या पलीकडे पोचेपर्यंत त्यांचा घेर एखाद्या घोंगडीएवढा व्हायचा. उडती पाखरं पाडायला ते बरं. डावीचे छर्रे मात्र एकमेकांना धरून जायचे आणि त्याच अंतरावर एका जागी लागायचे. आबांना आणि त्यांच्या आधी आजाला ह्या डाव्या नळीचा भारी गर्व होता. त्या गर्वातून आमच्या घरात एक रीत पडली. दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली, तिला झेंडू आणि भाताच्या लोंब्या बांधून झाल्या, की दुपारी सोनं लुटायला जायच्या आधी खळ्यात बार टाकायचा. खळ्याच्या एका कडेला काठीवर जुनं सूप टांगायचं, त्याला चुना फासायचा. आणि सुपाशेजारी घरातलं एक पोर उभं करायचं. हात लांब केला तर बोटं सुपाला लागतील इतकं जवळ. आबा खळ्याच्या दुसऱ्या कडेवरून डाव्या नळीचा बार टाकायचे. मग ते पोर सूप घेऊन धावत यायचं, सूप उन्हात धरायचं, आणि सगळी वाडी बघायची, की मधोमध एक भगदाड आहे, ज्यातून मूठ जाते, आणि पोराच्या अंगावर ओरखडा नाही.

आजाने आबांना उभं केलं होतं. आबांनी माझ्या मोठ्या भावाला उभं केलं. दादा खोपोलीला कागदाच्या कारखान्यात लागला आणि दसऱ्याला बरोब्बर त्याची कामाची पाळी पडायला लागली, तेव्हा मी उभी राहिले. लोक आता विचारतात, भीती वाटत नव्हती का? वाटायची. पहिल्या वर्षी मी उभ्या उभ्या लुगड्यात मुतले. पण सूप घेऊन धावताना सगळे माझ्याकडे बघायचे, एरवी आमच्याकडे पोरीकडे कोण बघतं? दोन-तीन दसरे गेल्यावर मला ती माझी जागा वाटायला लागली. आज शहाणपण सांगणाऱ्यांना मी एवढंच सांगते, पोराला एक दिवस मान दिला तर ते बंदुकीसमोर पण उभं राहतं.

त्या वर्षी भादव्यात आबा बांधावरून घसरले. बंदूक तोंडावर चिखलात गेली. समोर डुक्कर होतं. आबांनी नळी झटकली, आत बघितलं नाही, आणि बार टाकला. डाव्या नळीचं तोंड केळफुलासारखं उकललं. उजवीलाही थोडी चीर गेली. आबांना काही झालं नाही, डुकरालाही नाही. दोन दिवस आबा जेवले नाहीत. घरात मयत झाल्यासारखं होतं. शेवटी बंदूक गोणपाटात गुंडाळून, वर पेंढा लावून ते ती बाहेरगावी एका मिस्त्रीकडे घेऊन गेले. हे चोरून करायचं काम होतं, परवान्याच्या बंदुकीला असा हात लावता येत नाही. मिस्त्रीने दोन्ही नळ्या तोंडाकडून सारख्या कापल्या, फाटलेला भाग काढून टाकला, कानशीने घासून कडा गुळगुळीत केल्या आणि नेम धरायची पितळेची माशी पुन्हा पुढे डकवली. बंदूक घरी आली तेव्हा आधीपेक्षा देखणी दिसत होती. आबांनी आयकडून तिची दृष्ट काढून घेतली. आमची कोणी कधी काढली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी मी ओटीवर गज घेऊन बसले. उजवीतून चिंधी सरळ गेली. डावीतूनही सरळ गेली. मी परत सारली. कुठे अडली नाही. मंजी कान देऊन बसली होती, ती हिरमुसली.

"आबा," मी म्हटलं, "डावीत चिंधी अडत नाय आता."

"मिस्त्रीनं साफ केलीय झकास."

"तसं नाय. ती तोंडाशी अडायची ना, फट् करून..."

"शेवंते," आबा म्हणाले, "बंदूक तुज्या बापाची का माजी?"

हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे घरात असं बोललं गेलं की कोणाला काही माहीत नव्हतं. माहीत होतं. मी सांगितलं होतं.

दुपारी सगळी वाडी खळ्यात जमली. आबांचे चुलतभाऊ दामूकाका नेहमीसारखे पुढे. बांधावरून त्यांचं आणि आबांचं वाकडं, पण बार बघायला ते पहिले हजर. "बंदूक आखूड झाली काय रं?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "तुजी नजर आखूड झाली." लोक हसले. मी सुपाशेजारी उभी राहिले. चुन्याचं सूप उन्हात पांढरंफेक दिसत होतं. आबांनी बारीक छर्ऱ्याचं काडतूस घातलं, कारण बारीक छर्ऱ्याने सुपाला भगदाड चांगलं पडतं. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. मी हलले नाही. हलायचं नाही हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की पायावर मुंगळा चढला तरी मी पाय झटकला नाही. तो मुंगळा मला आजही आठवतो.

आवाज मला आठवत नाही. कोणी तरी चुलीतली गरम राख फावड्याने तोंडावर फेकली असं वाटलं. मी पडले नाही. उभीच होते. डावा हात वर करून बघावा म्हटलं तर दंडातून रक्त. मग डाव्या बाजूचं सगळं लाल झालं आणि मग काळं. आय किंचाळत पळत आली. तिच्या किंचाळण्याच्या आधी मी आबांचा शब्द ऐकला. ते जागेवरून ओरडले, "हलली! बघितलं ना सगळ्यांनी? हलली!"

मला ओटीवर निजवलं. लोक दारात गोळा झाले तर आबांनी त्यांना हाकललं. आयने दिव्याच्या ज्योतीवर दाभण धरलं आणि छर्रे काढायला बसली. गालातले, मानेतले, दंडातले. मी ओरडले की आबा उंबऱ्यावरून म्हणायचे, "हळू. रस्त्यानं लोक जातात." आय म्हणाली, "अवं, डोळ्यात गेलाय. कर्जतला डाक्टरकडं न्या हिला."

"डाक्टर पोलिसात कळवंल. पोलीस बंदूक बघतील. कापलेली नळी बघतील. परवाना गेला मंग."

"आन् पोरीचा डोळा?"

आबांनी उंबऱ्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं विचार करतायत. मग म्हणाले, "एक हाय की अजून."

शेजारची एक बाई बाळंत झाली होती, तिचं दूध वाटीत आणून आयने माझ्या डोळ्यात घातलं. दुधाने छर्रा निघत नाही. पाणी तापवायला आयने चुलीत हाताला लागलं ते घातलं, आणि त्यात ते चुना फासलेलं सूप पण घातलं. बांबू वाळलेला, भरकन पेटला. मी एका डोळ्याने बघत होते. मला ओरडायचं होतं की नको, ते ठेव, ते उन्हात धरा, मधे भगदाड आहे का बघा. मधे भगदाड नव्हतं. मी अगदी शेजारी उभी होते, मला दिसलं होतं. सुपाला भोकं होती पण सगळीकडे विखुरलेली, जसे देवीचे व्रण. पण तोंड सुजलं होतं, शब्द निघाले नाहीत, आणि सूप जळून गेलं.

डोळा पंधरवड्यात कवडीसारखा पांढरा झाला. चौक गावच्या पाहुण्यांनी मला मागणी घातली होती, सुपारी फुटली होती. मुलाची आय येऊन बघून गेली. म्हशीचे सड बघतात तशी माझी हनुवटी धरून तिने तोंड इकडे तिकडे फिरवलं आणि म्हणाली, "आमी बघितली तवा दोन व्हते." चहा पिऊन ती गेली. मला त्या बाईचा राग नाही. ती खोटं बोलली नाही. खोटं आमच्या घरात होतं. विहिरीवर, गिरणीत, बाजारात जो भेटेल त्याला आबा सांगायचे, "हज्जारदा सांगितलं व्हतं हलू नको म्हनून." वाडीतली पोरं मला बघून खांदे हलवून नाचायची, "हलली गं हलली." बायका समजावायच्या, अगं होतं असं, भीतीने माणूस हलतं. आय ह्यावर काहीच बोलायची नाही. तिने एकदा तरी म्हणावं, माझी पोर हलली नाही. ती भाकरी थापत राहायची. हाताच्या थापेचा आवाज मात्र त्या वर्षी मोठा झाला होता.

बंदूक पुसायचं काम माझ्याकडेच राहिलं. आबा म्हणाले, नळीत बघायला एकच डोळा लागतो, हिला मिटायचा पण तरास नाय. मी बघितलं. उजेडाकडे नळी धरून बघितलं. पूर्वी डावीत टोकाला उजेडाचा गोल उजवीपेक्षा बारीक दिसायचा. आता दोन्ही गोल सारखे. पण त्याचा अर्थ मला लागला तो मृगात, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबावर बी फेकताना. मूठ मिटून, करंगळीच्या फटीतून भात सोडलं तर ते एका रेषेत, एका जागी पडतं. मूठ उघडून फेकलं तर हातभर पसरतं. बी तेच, हात तोच, फेक तीच. फरक फक्त शेवटी मूठ मिटलेली आहे की उघडी, एवढाच. मिस्त्रीने फाटलेला भाग म्हणून जो कापून टाकला, ती डाव्या नळीची मिटलेली मूठ होती. आता ती उजवीसारखीच उघड्या हाताने फेकत होती, आणि आबा तिच्यासमोर पोर उभं करत होते.

मी घरी येऊन सांगितलं. "आबा, डावीचा गळा गेला. ती आता फाकते." आबांच्या हातात गज होता. त्यांनी तो माझ्या पाठीवर घातला आणि म्हणाले, "एक डोळा ऱ्हायलाय, तो पण नको का तुला?"

पुढचा दसरा आला. वर्षभर वाडीत कोणी न्याय मागायला ओटीवर आलं नव्हतं. डुकरं आली की दामूकाका मोठ्याने म्हणायचे, आबाला बोलवू नका रं, डुक्कर सोडून बायकापोरांना मारंल. हे आबांच्या जिव्हारी लागलं होतं. दसऱ्याच्या सकाळी ओटीवर बंदूक पुसून झाली आणि आबा आयला म्हणाले, "मंजीला नवा झगा घाल. ह्या साली ती उभी ऱ्हाईल."

आयचा हात पिठात होता. तो थांबला, आणि परत चालू झाला.

मंजी आठ वर्षांची असेल. खूश झाली. परसात मला गाठून म्हणाली, "ताई, मी नाय हलणार बघ. किती पन मुंगळे चढू दे." मुंगळ्याचं मी तिलाच एकदा सांगितलं होतं. ती खरंच हलली नसती. सूप तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगतात. माझ्या गालाला आणि डोळ्याला लागले ते तिच्या बाबतीत कुठे लागले असते हे मी परसात तिच्यासमोर उभी राहून बघितलं. माझा दंड, तिथे तिची मान.

दुपारी खळ्यात गर्दी मागच्या वर्षीपेक्षा मोठी. माणसं अशी गोष्ट चुकवत नाहीत. मंजीच्या केसात झेंडू होता. आबांनी तिला खांद्याला धरून सुपाशेजारी नेलं आणि दामूकाका म्हणाले, "ह्या साली हिचा नंबर काय रं? अजून एक धाकटी असती तर फुडच्या सालाची पन सोय झाली असती."

"थोरली हलली म्हनून लागलं," आबा म्हणाले. "नळीत खोट नाय."

तेव्हा मी पुढे झाले. मंजीचा हात धरून तिला तिथून ओढली आणि आयकडे ढकलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "मंजी लहान हाय. ती पन हलंल, आन् बंदुकीचं नाव उगाच खराब व्हईल. तुमी उभे ऱ्हावा आबा. तुमी नाय हलणार."

मग दामूकाकांना उकळी फुटली. "बराबर बोलली की पोर! आबा, उभा ऱ्हा. तुज्या बापानं तुला केलाच व्हता ना उभा?"

"आन् बार कोन टाकंल? तू?"

"मी टाकते," मी म्हटलं.

लोक हसले. आबा पण हसले, पण तोंडाने. "आंदळी बार टाकनार."

"नेम धरायला एकच डोळा लागतो. तुमीच सांगितलंय."

कोणी तरी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "नळीत खोट नाय ना, मंग घाबरायचं काय?" आबांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांना जाता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. शेवटी त्यांनी टोपी नीट केली, सुपाकडे चालत गेले आणि शेजारी उभे राहिले. छाती पुढे काढून. मी बंदूक उचलली. ती जड होती पण मला नवीन नव्हती, शेतातल्या माळ्यावर राखणीला मी तिच्यातून बार टाकलेले होते. डाव्या नळीत बारीक छर्ऱ्याचं काडतूस घातलं, त्याच जातीचं, मागच्या साली घातलं होतं तसं. बंदूक मिटली, खांद्याला लावली. माशीच्या पुढे सूप धरलं, मधोमध. आबांवर नाही. मला आबांना मारायचं नव्हतं. पण ते तिथे उभे राहिले असते तर मी चाप ओढला असता. हे मी आज म्हातारपणी शांतपणे लिहिते.

त्या जागेवरून काय दिसतं ते मला माहीत होतं. दोन काळी भोकं दिसतात, आणि त्यांच्या मागे माणूस असतो पण माणूस दिसत नाही. आबांची छाती आधी खाली बसली. मग त्यांनी जीभ ओठावरून फिरवली. त्यांच्या उजव्या पायाची टाच जरा उचलली. मी वाट बघितली. आबांनी एक पाऊल बाजूला टाकलं. मग आणखी एक. मग ते भराभर चालत पेंढ्याच्या उडवीमागे गेले.

"हलला!" दामूकाका ओरडले. "हलला रं हलला!" पोरांनी ते उचललं आणि वर्षभर माझ्यासाठी गायलं ते गाणं आबांसाठी गायला लागली.

मला वाटलं संपलं. मी बंदूक खाली करणार तोच आय पुढे आली. ती घरात गेली होती, कधी ते मला दिसलं नव्हतं. तिच्या हातात तिचं रोजचं सूप होतं, पाखडायचं, नुकतंच सारवलेलं. खळं ओलांडून गेली आणि आबा उभे होते त्या जागी, मी मागच्या वर्षी उभी होते त्या जागी, तिने एक काठी रोवली आणि ते सूप माझ्या तोंडाच्या उंचीवर टांगलं. माझ्या उंचीचा अंदाज तिने कसा घेतला असेल? बाजूला होऊन तिने मंजीला पदराखाली घेतलं आणि मला म्हणाली, "टाक."

मी पहिल्या सुपावर नेम धरून बार टाकला.

दोन्ही सुपं आयने काढून आणली. पहिलं कोणी फार बघितलं नाही. आयने आपलं सूप दोन्ही हातांनी वर धरलं, सूर्याकडे. त्याच्या आरपार उजेड आला, वर, खाली, मधे, इथून तिथून, आणि तिच्या तोंडावर उजेडाचे ठिपके पडले. ती तशीच सगळीकडे फिरली. दामूकाकांच्या समोर, बायकांच्या समोर, माझ्यावर गाणी म्हणणाऱ्या पोरांच्या समोर. दामूकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

रात्री खीर झाली, नव्या तांदळाचा भात झाला. आबांना आयने वाढलं. ते जेवले. दुसऱ्या दिवशी आयने ते भोकाचं सूप ओटीवर टांगलं, बंदुकीच्या खाली, आबांच्या डोक्यावर. आबा एकदा म्हणाले, "काढ ते." आय म्हणाली, "असू दे. पाखडायला नाय उपयोगी, बघायला हाय." आबा त्याच्याखाली बसायचे बंद झाले. परसात बसायला लागले.

बंदूक पुढे एका निवडणुकीला चौकीत जमा केली ती परत आणायला आबा गेले नाहीत. मला खालापूरच्या एका बिजवराला दिली, त्याला आधीची दोन लेकरं. तो वाईट नव्हता. मंजी कर्जतला असते, तिला नातवंडं झाली. आमच्या शेताच्या तीन बाजूंना आता फार्महाऊस आहेत आणि डुकरं त्यांच्या उकिरड्यावर येतात, त्यांना कोणी काही करत नाही. मध्ये दाढ काढायला गेले तर दवाखान्यातल्या पोरीने जबड्याचा फोटो काढला आणि घाबरून म्हणाली, "आजी, तुमच्या गालात हे काय?" मी म्हटलं, आयच्या दाभणाला न लागलेले छर्रे.

आबा मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी माहेरी गेले तर ते मंजीला सांगायचे, "त्या आंदळीला म्हनावं पानी दे." मी पाणी द्यायचे. आंधळी म्हणाले, काणी म्हणाले, शेवटच्या आजारात आणखी काय काय म्हणाले. हललीस असं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.